राख, पेज आणि दीड इंची पाइप

१७ जुलै २०२५, गुरुवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. स्वयंपाकघरातील सिंकचे भोक फडक्याच्या बोळ्याने बंद करून त्यात दहा लिटर पाणी भरले, बोळा काढला आणि फोनवरचे घड्याळ सुरू केले. पाणी पूर्ण जाईपर्यंत लागलेला वेळ : एकोणीस मिनिटे चाळीस सेकंद.

त्याच वहीच्या आधीच्या एका पानावर मार्च महिन्यातील नोंद आहे. तेच सिंक, तेवढेच पाणी, एकतीस सेकंद. म्हणजे चार महिन्यांत अडतीसपट वाढ. मी हा भागाकार करत असताना आई शेगडीपाशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

"पानी मोजल्यानं नळी मोकळी होते का वो?"

"मोजल्याशिवाय किती बिघडलं ते कसं कळन?"

"मले तं न मोजताच कळलं होतं," ती म्हणाली आणि पोह्यांकडे वळली. त्या वाक्यातील भूतकाळाकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवे होते. दिले नाही.

हे सिंक साधे नव्हते. निदान माझ्या दृष्टीने नव्हते. फेब्रुवारीत नागपूरला आईच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी तिला न करण्याच्या गोष्टी सांगितल्या, त्यांत पहिली होती जमिनीवर बसणे. उकिडवे नाही, मांडी घालून नाही, पाटावरही नाही. सानगडीच्या आमच्या घरात तोवर भांडी घासायची जागा एकच होती : मागच्या अंगणातील दगड. आई तेहतीस वर्षे त्या दगडापुढे पाटावर बसून भांडी घासत आली होती. तेव्हा मी ओट्याला लागून स्टीलचे सिंक बसवून घेतले, त्याची उंची आईच्या कोपराप्रमाणे ठरवली, पाइपचा उतार स्वतः काढला आणि ते काम पूर्ण झाले त्या दिवशी माझ्या मनात असे स्पष्टपणे आले की आता मी जायला मोकळी आहे.

जायचे होते बंगळुरूला, एका संशोधन संस्थेत. जानेवारीत मिळालेली जागा मी शस्त्रक्रियेपायी सोडली होती. दुसऱ्यांदा निवड झाली आणि रुजू होण्याची तारीख मिळाली एकवीस जुलै, सोमवार. तिकीट रविवारचे होते. आणि मधल्या शनिवारी आमच्या दोन एकरांतील धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, संपणार होती. शेवटच्या दिवशी रोवणीच्या बायांना घरचे जेवण द्यायची आमच्याकडे रीत आहे. चौदा बाया, मोठा गंज भरून भात, आणि त्या सगळ्याची भांडी. सिंक तोवर चालू झाले नाही, तर आई मागच्या दगडावर जाऊन बसणार, याबद्दल मला शंका नव्हती. आणि मी गेल्यानंतर ती तिथून उठणारही नव्हती.

म्हणून गुरुवारी सकाळी मी सिंक बसवणाऱ्या मिस्त्रीभाऊंना फोन केला. पलीकडून पाण्याचा चुबुकचुबुक आवाज आणि बायकांचे हसणे ऐकू आले.

"भाऊ, सिंक तुंबलं. आज येता का?"

"आज? ताई, घुटन्यापर्यंत चिखलात उभा आहो. आमच्या बांधीत रोवना चालू हाय. सोमवारी पाहू."

"रविवारी मी जाऊन राहिली."

"मंग तुमी जा ना जी. सिंक काय तुमच्यासंगं येऊन राहिलं का?"

"शनिवारी बायांचं जेवण हाय, भाऊ."

"आता सगळ्याच घरी हाय. ह्या आठ दिवसांत तुमाले साऱ्या तालुक्यात सुका मिस्त्री नाही भेटनार."

ते खरे होते. आमच्याकडे नळ जोडणारा, विजेचे काम करणारा, भिंत बांधणारा, सगळे आधी शेतकरी असतात आणि रोवणीच्या दिवसांत फक्त शेतकरी असतात. मला ते ठाऊक असूनही मी फोन केला होता, कारण स्वतः हात घालण्याआधी योग्य माणसाला विचारले असे माझ्या नोंदीत असावे असे मला वाटत होते. ती औपचारिकता पूर्ण झाली आणि खरे सांगायचे तर मला बरेच वाटले. मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. आहे. तुंबलेली नळी ही माझ्या मते रसायनशास्त्राच्याच हद्दीतील गोष्ट होती.

माझे गृहीतक असे : स्वयंपाकघराची नळी तुंबते ती तेलातुपाने. तेलाचा थर पाइपच्या आतल्या बाजूला चिकटतो, त्यावर बाकीचा गाळ बसतो. तेलावर कॉस्टिक सोडा टाकला की त्याचा साबण होतो आणि साबण पाण्याबरोबर वाहून जातो. पुस्तकात असेच आहे. चौकातील दुकानातून मी कॉस्टिकच्या पापुद्र्यांची पिशवी आणली, आईला समोरच्या खोलीत पाठवले, प्रयोगशाळेतला चष्मा आणि जाड हातमोजे चढवले. प्लास्टिकच्या बादलीत आधी थंड पाणी घेतले, त्यात थोडे थोडे करून दीडशे ग्रॅम पापुद्रे विरघळवले. बादली बाहेरून गरम झाली. द्रावण सावकाश सिंकमध्ये ओतले तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती.

साडेअकरापर्यंत पाण्याची पातळी एक बोट उतरली. बारा वाजता ती होती तिथेच होती. साडेबाराला मी नोंद केली : निचरा शून्य.

सकाळी एकोणीस मिनिटांत का होईना, पण पाणी जात होते. माझ्या उपायानंतर ते अजिबात जाईना. मी एक लांब तार वाकवून भोकात घातली, फिरवली आणि बाहेर ओढली. तारेला लागून एक पारदर्शक, राखाडी, लोंबणारा पदार्थ आला. तो तुटत नव्हता, ताणला जात होता. हातमोज्याच्या दोन बोटांत धरून पाहिला आणि तो काय आहे हे मला लगेच कळले, कारण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी तो मी स्वतः चंचुपात्रात तयार केला होता. थंड पाण्यात पीठ कालवून त्यात कॉस्टिकचे द्रावण टाकले, की विस्तवाशिवाय खळ तयार होते. पुठ्ठ्याचे खोके चिकटवायला कारखान्यांत हीच खळ वापरतात. प्रात्यक्षिकात मला वीसपैकी एकोणीस गुण होते.

मी दीड इंची पाइपमध्ये खळ बनवली होती.

पीठ आले कुठून, हा प्रश्न विचारायला मला तेव्हाच सुचले, आणि उत्तर अगदी उघड होते. आमच्या घरात तेल जेमतेम लागते. लागतो तो तांदूळ, दोन्ही वेळेला, आणि आई भात कुकरमध्ये लावत नाही. पितळेच्या गंजात भरपूर पाण्यात शिजवून वरची पेज गाळून काढते. ती पेज पूर्वी गाय प्यायची. गाय मार्चमध्ये दिली, कारण आईच्याने गोठ्याचे काम होणार नव्हते. तो निर्णयही मीच मांडला होता, कारणांसहित. त्यानंतर आईने विचारले होते, "मंग पेज कोठी टाकू?" आणि मी म्हणाले होते, "गरम गंज घेऊन अंगणात नोको जाऊ. सिंकमध्ये ओत."

दिवसातून दोनदा, चार महिने, आई माझ्या सूचनेचे पालन करत होती.

आता सिंकमध्ये तळहातभर उंचीचे कॉस्टिकचे पाणी उभे होते आणि ते तसे ठेवणे धोक्याचे होते. प्लास्टिकच्या मगाने ते बादलीत काढले आणि त्यात चिंचेचा पातळ कोळ थोडा थोडा घालत गेले. द्रावण उदासीन झाले की नाही हे तपासायला माझ्याकडे लिटमस नव्हता. दारातून आई म्हणाली, "हळद पाह्य ना."

"काय?"

"हळदीचा डाग साबनानं धुतला का लाल होते. हा सोडा साबनाचाच भाऊ असन ना?"

कागदाला हळद चोळून त्याच्या पट्ट्या कापल्या. पहिली पट्टी बुडवताच कुंकवासारखी झाली. सातवी पिवळीच राहिली. आईने ती उजेडात धरून पाहिली आणि विचारले, "आता हे खळीचं काय करतेस? पाकिटं चिकटवाले बसू का दोघी?"

दुपारी मी मिस्त्रीभाऊंना पुन्हा फोन केला.

"काय टाकलं म्हन्ता?"

"कॉस्टिक."

पलीकडे चिखलातून पाय उपसल्याचा आवाज आला. मग, "तं आता मी रिकामा असतो तरी त्यात हात नसतो घातला. तुमी पाइप कापा. भिंतीच्या बाहेर जथी पहिला बेंड हाय ना, त्याच्या मागून दोन फूट. आन ताई, मी मार्चमंदी काय म्हटलो होतो? दरवाजाचा बेंड लावू. झाकन खोललं का हात आत. तुमी म्हटलं, जोड जितके जास्त, गळती तितकी जास्त."

"म्हटलं होतं."

"नालीले बी दार लागते जी. जे आत गेलं ते कधी ना कधी काढा लागते."

गळतीचा माझा हिशेब चुकीचा नव्हता. फक्त पाइप तुंबू शकतो ही शक्यता त्यात धरलेली नव्हती.

शुक्रवारी सकाळी बाबा घरी होते. बाबा गावाबाहेरच्या भातगिरणीत बॉयलर सांभाळतात. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करण्यासाठी तिथे रात्रंदिवस वाफ लागते आणि ती वाफ धानाच्या तुसावर होते. त्या तुसाची राख बाबा दर आठवड्याला डबाभर घरी आणतात, कारण आईच्या मते पितळ तिच्यानेच निघते. साबणाने नाही, बाजारच्या पावडरीने तर मुळीच नाही.

बाबांनी आरीपत्ता काढला. मी पाइपखाली प्लास्टिकचे टोपले ठेवले, दोघांनी हातमोजे घातले, मी माझा चष्मा त्यांना दिला. त्यांनी तो नाकावर ठेवून विचारले, "याच्यानं मी बी एम.एस्सी. दिसून राहिलो का?"

"प्रोफेसर दिसता."

"तं मंग पगार वाढाले पाह्यजे."

दोन ठिकाणी पाइप कापून दोन फुटांचा तुकडा वेगळा केला. खाली बारदाना अंथरला, बाबांनी मागून काठी लावून जोर दिला, आणि आतला गाळ एका सलग दांडक्यासारखा सरकत बाहेर आला. सिंककडच्या टोकाला चार बोटे लांबीची चिकट खळ होती. माझे योगदान तेवढेच होते. बाकीचा गाळ घट्ट होता, ओल्या मातीसारखा. बाबांनी तो बोटाने दाबून पाहिला.

"हे तुसाची राख हाय. बॉयलरच्या नळीत बी अशीच बसते. पानी मारून नाही जात, खरडा लागते. लाकडाची राख बिचारी वाहून जाते. हिच्यात रेती असते."

सिलिका, मी मनात म्हणाले. धानाच्या तुसात सिलिका भरपूर असते, हे मला बाबांच्या आधी माहीत असायला हवे होते आणि माहीत होतेही. पेज चिकटवत होती, राख वजन देत होती, आणि माझा मंद, मोजून काढलेला उतार त्या दोघींना बसायला निवांत जागा देत होता.

सवयीने मी सुरी आणली आणि दांडके आडवे कापले. काप स्वच्छ निघाला. तळापासून वर पाहत गेले तर एक काळपट पट्टा, एक पांढरा, पुन्हा काळपट, पुन्हा पांढरा. इतके बारीक की नखाने मोजावे लागावेत. राख आणि पेज, राख आणि पेज. साधारण दोन तृतीयांश उंचीपर्यंत हे असेच होते. आणि त्याच्या वर बोटभर जाडीचा थर होता, जो पूर्ण पांढरा होता. त्यात राखेची एकही रेघ नव्हती.

मी आणखी दोन ठिकाणी काप घेतले. तेच.

बाबा आरीपत्ता पुसत होते. मी त्यांना विचारले, "तुमी राख आणनं बंद केलं होतं का?"

"नाही. मागच्या इतवारीच डबा भरून देल्ला."

पेज सिंकमध्ये येत होती. राख येत नव्हती. घरात राख संपत होती आणि ओट्यावरचे पितळ मात्र रोजच्यासारखे लखलखत होते. मी बारदान्यावरून उठले आणि मागे गेले.

गोठा गाय गेल्यापासून रिकामा आहे. त्याच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणार नाही अशा बाजूला, जुना भांड्यांचा दगड सरकवून नेलेला होता. त्याच्याभोवती ओली राख, चिंचेचे चोथे, नारळाची शेंडी. आणि भिंतीला टेकून उभा केलेला पाट. पाटाची खालची बाजू ओली होती. माझ्या खोलीतल्या टेबलावरून गोठा दिसत नाही. दुपारी एक ते तीन मी त्या टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसते, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

गेले काही दिवस संध्याकाळी आईचा गुडघा सुजत होता. मी विचारले होते. ती म्हणाली होती, हवा ओली हाय. मी ते कारण ग्राह्य धरून पुढे गेले होते. पाण्याच्या निचऱ्याची मात्र मी वही ठेवली होती.

आई मागच्या दारात येऊन उभी राहिली. मी पाट हातात घेतला होता, त्यामुळे काही विचारायची गरज उरली नव्हती, तरी मी विचारले.

"किती दिवस?"

"मी का तुह्यासारखी वही ठेवतो?"

"अंदाजे सांग."

"चिखलनी लागली तवापासून."

आमच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, रोवणीआधीची चिखलणी पाच जुलैला लागली होती. म्हणजे तेरा दिवस, दिवसातून एकदा, बदललेल्या गुडघ्यावर.

"काहून सांगितलं नाही, आई?"

"पानी सावकाश जाऊन राहिलं होतं. राख टाकली का आनखी सावकाश. मले वाटलं राख नाही टाकली तं तुही नळी चालत राहीन. तू जाईपर्यंत तं चालन."

"आन डॉक्टरांनी सांगितलं ते?"

"डाक्टर का मले घरी पाह्याले येते?" मग तिने आवाज खाली आणला. "तुले सांगितलं असतं तं काय झालं असतं? तू पाइप खोलून बसली असती, तारीख पुढे ढकलली असती. जानेवारीची जागा माह्या घुटन्यापायी गेली. आता काय नळीपायी घालवतेस?"

मी तिला सांगितले की तारीख अशी एका पाइपसाठी जात नसते. पण तिला मी ठाऊक आहे. गुरुवारी सकाळी वहीत एकोणीस मिनिटे चाळीस सेकंद लिहिल्यानंतर मी खरोखरच संस्थेला दोन दिवसांची मुदत मागणारा मजकूर लिहून ठेवला होता. पाठवला नव्हता, पण पुसलाही नव्हता.

फोन काढून तिच्यासमोरच तो मी पुसला. तिने विचारले, "काय केलं?" मी म्हणाले, "काही नाही."

मग काम सुरू झाले. बाबा सायकलने बाजारात जाऊन दरवाजाचा बेंड, दोन जोड आणि चिकटवायचे सोल्यूशन घेऊन आले. उरलेला पाइप आम्ही बाहेरून पाणी मारून आणि काठीला फडके बांधून मोकळा केला, हळदीची पट्टी पिवळी राहीपर्यंत. यावेळी उतार मी वाढवला, जवळजवळ दुप्पट. बाबांनी जोड चिकटवले आणि ते रात्रभर वाळू दिले.

राहिला प्रश्न राखेचा. माझा पहिला प्रस्ताव पितळ बंद करण्याचा होता. आईने तो ऐकून घेतला आणि विचारले, "आन तुहा चष्मा बंद करू का?" दुसरा प्रस्ताव साबणाचा; तो तिने हातानेच उडवून लावला. तिसरा तिचाच होता. सिंकच्या शेजारी ओट्यावर प्लास्टिकचे रुंद टोपले पाणी भरून ठेवायचे, पितळ त्यात उभ्याने घासायचे, राख तळाला बसू द्यायची आणि वरचे निवळ पाणी तेवढे सिंकमध्ये सोडायचे. खालची राख बाबा वांग्याच्या वाफ्यात टाकतील. टोपले थोडे बुटके पडत होते, कंबरेतून वाकावे लागत होते. आईने इकडेतिकडे पाहिले, मागच्या भिंतीला टेकलेला पाट आणला, धुतला आणि ओट्यावर टोपल्याखाली सरकवला. उंची बरोबर आली.

मी तो पाट माळ्यावर टाकून द्यायच्या विचारात होते.

पेजेचे तर सोपेच निघाले. शेजारच्या काकूंकडे दुभती म्हैस आहे. त्यांना विचारले तर त्या जवळजवळ रागावल्या. "चार महिने नळीले पाजली? माह्या म्हशीनं काय पाप केलं होतं?" शनिवारी सकाळी त्या स्वतःच बादली घेऊन आल्या आणि गंजातली पेज ओतून घेऊन गेल्या.

शनिवारी दुपारी चौदा बाया चिखलाचे पाय धुऊन आमच्या पडवीत जेवायला बसल्या. भात, वांग्याची भाजी, वरण, वर लोणचे. आई वाढायला उभी होती, मी तिच्या मागून भांडी उचलत होते. नळीची बातमी रोवणीच्या बांधीत आधीच पोचलेली होती; मिस्त्रीभाऊंचे शेत आमच्या शेताला लागूनच आहे.

"काय वो बाई, शिकून आली तं नळीत खळ रांधली म्हने?" त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर मावशींनी विचारले.

"हाव, मावशी."

"मंग वाढ ना थोडी. आमी तं भातच खाऊन राहिलो."

"संपली. बाबांनी खरडून काढली."

"बापाले खरडाले लावलं!" पूर्ण पंगत हसली. आईही हसली. हसताना तिने पडवीच्या खांबाला हात टेकवला होता, गुडघ्याला नाही. मी ते पाहिले.

जेवणे झाल्यावर मोठा गंज आईने टोपल्यात घेतला. मी घासू का म्हटले तर नाही म्हणाली. तिने तो उभ्याने घासला, बावीस मिनिटे, मधे एकदा थांबून. राख तळाला बसली, वरचे पाणी तिने हळूच सिंकमध्ये सोडले आणि ते गेले. पाणी जाताना मी घड्याळ लावले नव्हते. लावायचे लक्षातच आले नाही.

रविवारी सकाळी माझी पेटी पडवीत भरून ठेवली होती. साकोलीची बस साडेसातला होती. निघण्याआधी एक शेवटचे मोजमाप घ्यावे म्हणून मी सिंकमध्ये दहा लिटर पाणी भरले. फोन हातात घेतला, तेवढ्यात आई म्हणाली, "ठेव तो. मी मोजतो."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आईच्या मोजण्याशी माझे भांडण जुने आहे. कोणत्याही गोष्टीला किती वेळ लागतो असे विचारले की ती म्हणते चहाले आधण येईपर्यंत, किंवा गाईची धार काढेपर्यंत. हे एकक होत नाही असे मी तिला शाळेत असल्यापासून सांगत आले आहे. पण ज्या दिवशी सिंक पहिल्यांदा मंदावले, ते तिला वहीशिवाय कळले होते, आणि माझ्याकडे वही असून मला ते कळले नव्हते. तेव्हा मी बाजूला झाले.

ती सिंकपुढे उभी राहिली. डावा हात ओट्यावर, उजव्या हाताने बोळा काढला. मग मोठ्याने मोजू लागली, एक, दोन, तीन, प्रत्येक आकड्यावर थोडी मान हलवत. बाबा दारात पेटी उचलून उभे होते, त्यांनीही ती खाली ठेवली. पाणी गोल फिरत खाली जात होते. माझ्या खिशात फोनचे घड्याळ मी सुरू केले होते. ती सवय सुटली नाही. शेवटी भोकाने घुर्र असा आवाज केला आणि आई थांबली.

मी खिशातल्या फोनकडे पाहिले. चौतीस सेकंद. आई थोडी भरभर मोजते.

"लिव्ह," ती म्हणाली.

मी वही उघडली आणि लिहिले : २० जुलै २०२५, रविवार, सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटे. पाणी दहा लिटर. मोजणारी आई, उभी. एकेचाळीस.